घरातल्या ओलीवरचा इलाज

दम्याचा झटका आलेलं मूल रात्री दवाखान्यात आणलं जातं. नेब्युलायझर लावतात, श्वास मोकळा होतो, पंप कसा घ्यायचा ते आईला समजावून सांगतात आणि मुलाला घरी सोडतात. घर मात्र तेच असतं. भिंतीला ओल, न्हाणीघराच्या कोपऱ्यात बुरशी, ओट्यामागे झुरळं. काही आठवड्यांत तेच मूल धापा टाकत पुन्हा दारात. अमेरिकेतल्या बॉस्टन शहरात, रॉक्सबरी आणि डॉर्चेस्टरसारख्या वस्त्यांतल्या मुलांची ही फेरी डॉक्टरांना पाठ झाली होती. इथली बरीच कुटुंबं कृष्णवर्णीय किंवा लॅटिनो, कमी मिळकतीची आणि जुन्या घरांत भाड्याने राहणारी.

झुरळं आणि दमा यांचं नातं तोवर सिद्ध झालेलं होतं. अमेरिकी शहरांमधल्या गरीब वस्त्यांत दमा असलेल्या ४७६ मुलांचा अभ्यास १९९७ साली प्रसिद्ध झाला. झुरळांची विष्ठा आणि त्यांच्या शरीराचे कण धुळीत मिसळून श्वासावाटे आत जातात. ज्या मुलांना त्यांची अॅलर्जी होती आणि ज्यांच्या झोपायच्या खोलीत हे कणही भरपूर होते, त्यांना दवाखान्यात दाखल करण्याची वेळ इतरांच्या तिपटीहून जास्त वेळा आली होती.

मग इलाज दवाखान्यातच का थांबावा?

या प्रश्नातून २००५ मध्ये बॉस्टन चिल्ड्रन्स हॉस्पिटलने ‘कम्युनिटी अस्थमा इनिशिएटिव्ह’ सुरू केला. डॉ. एलिझाबेथ वुड्स यांच्या नेतृत्वाखाली उभ्या राहिलेल्या या उपक्रमात दम्यामुळे तातडीच्या विभागात आलेल्या किंवा दाखल झालेल्या मुलांच्या घरी परिचारिका किंवा आरोग्यसेविका जाऊ लागल्या. घरात स्पॅनिश बोलत असतील, तर त्याच भाषेत बोलणारी सेविका येते. ती आधी आईवडिलांचं ऐकून घेते, पंप मूल नेमका कसा घेतं ते पाहते. औषध रोज घ्यायचं कोणतं आणि त्रास वाढल्यावर कोणतं, हा घोळ बहुतेक घरांत असतो. तो ती सोडवते. मग घर पाहते.

यानंतरची कामं अगदी साधी आहेत. गादी-उशांना धुळीतले किडे रोखणाऱ्या खोळी, बारीक धूळ अडवणारा व्हॅक्यूम क्लीनर, अन्न ठेवायला झाकणाचे डबे. झुरळांवर फवारा मारायचा नाही, कारण त्या वासानेच मुलाचा श्वास कोंडू शकतो. त्याऐवजी फटी बुजवायच्या, गळका नळ दुरुस्त करायचा, जेलचं आमिष लावायचं.

पण छप्पर गळत असेल, तर भाडेकरू आई काय करणार? तक्रार केली तर घर सोडावं लागेल, ही धास्ती असतेच. अशा घरांसाठी बॉस्टनच्या सार्वजनिक आरोग्य खात्याने ‘ब्रीद ईझी अॅट होम’ ही सोय उभी केली. त्यात डॉक्टरच घराच्या तपासणीची शिफारस करतात, पालिकेचा निरीक्षक येतो आणि नियमभंग आढळला तर दुरुस्ती घरमालकाला करावी लागते. मुलाच्या छातीतली घरघर अशी थेट पालिकेच्या कारवाईपर्यंत पोहोचते.

उपक्रमातल्या २८३ मुलांचे निष्कर्ष २०१२ साली प्रसिद्ध झाले. वर्षभरानंतर, एकदा तरी तातडीच्या विभागात जावं लागलेल्या मुलांचं प्रमाण ६८ टक्क्यांनी आणि दाखल व्हावं लागलेल्यांचं जवळपास ८५ टक्क्यांनी घटलं होतं. शाळा बुडणाऱ्या मुलांचं प्रमाण ४१ टक्क्यांनी कमी झालं. काम बुडणाऱ्या पालकांचं तर निम्म्यावर आलं. आजार टोकाला गेलेली मुलं निवडली की त्यातली काही एरवीही थोडी सुधारतात, हे इथे लक्षात घ्यायला हवं. तरीही घट मोठी आहे. तशाच दुसऱ्या वस्तीतल्या खर्चाशी तुलना केली, तेव्हा या उपक्रमावरच्या दर डॉलरमागे १.४६ डॉलर वाचल्याचं दिसलं.

काही बदल एकेका घराच्या पलीकडेही झाले. बॉस्टनच्या सार्वजनिक गृहसंकुलांत २०१२ पासून घरातही धूम्रपानाला बंदी आली. २०१८ मध्ये हा नियम अमेरिकेतल्या सर्व सार्वजनिक गृहसंकुलांना लागू झाला.

पैशांची गाठ मात्र अजून पुरती सुटलेली नाही. दवाखान्यातल्या खाटेचं बिल विमा भरतो, पण गादीची खोळ आणि सेविकेची फेरी त्या बिलात बसत नाही. म्हणजे बचत विम्याची आणि खर्च दवाखान्याचा. २०१४ पासून गरिबांसाठीच्या ‘मेडिकेड’ या सरकारी विम्याचा नियम थोडा सैल झाला. डॉक्टरांनी शिफारस केली, तर परवानाधारक नसलेल्या आरोग्यसेविकांच्या प्रतिबंधक कामाचेही पैसे आता देता येतात. ते द्यायचे की नाही, हे मात्र प्रत्येक राज्य आपापलं ठरवतं.