पाण्याची नाजूक पकड

वांगणीजवळून वाहणारी उल्हास नदी २७ जुलै २०१९ रोजी रुळांवर आली आणि महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर व वांगणी यांच्या दरम्यान अडकून पडली. हजाराच्या आसपास उतारूंना बाहेर काढावे लागले. पण एवढ्या दांडग्या पुराचे पाणी मुळात पाणी म्हणून का राहते, हा प्रश्न आपल्याला कधी पडतो का? हायड्रोजन सल्फाइडचा रेणू पाण्याच्या रेणूच्या जवळजवळ दुप्पट जड. तरी तो पदार्थ उणे ६० अंशांवरच उकळतो. त्या हिशेबाने उल्हासची केव्हाच वाफ व्हायला हवी होती!

ती होत नाही, कारण पाण्याचे रेणू एकमेकांचे हात धरून असतात. या पकडीला हायड्रोजन बंध म्हणतात. रेणूच्या आतील पक्क्या बंधाच्या सुमारे विसाव्या हिश्श्याएवढेच तिचे बळ; सेकंदाच्या अब्जांशाहूनही कमी वेळात ती सुटते नि पुन्हा जुळते.

तेलाशी मात्र पाण्याला असे हात धरता येत नाहीत, म्हणून तेलाचे थेंब एकत्र लोटले जातात. अभ्यंगस्नानाला नुसत्या पाण्याने तेल निघत नाही ते यामुळेच. साबण किंवा शिकेकाई एका टोकाने तेलाला, दुसऱ्याने पाण्याला धरते, तेव्हा कुठे ते वाहून जाते.

आपल्या शरीरातील प्रथिनेही बहुतांशी याच लोटालोटीने घडी घालून बसतात. तेलकट भाग आत, पाण्याशी जमणारे बाहेर. घडी मोडली की प्रथिनाचे काम थांबले. अंडे उकडताना पांढरा भाग घट्ट होतो, तो अशाच घड्या उलगडून. उष्माघातात अंगाची उष्णता ४१-४२ अंशांवर गेली, की डॉक्टर आधी रोग्याचे अंग गार करण्याची घाई करतात, ती काही उगाच नव्हे.