जंप देऊनही ट्रॅक्टर सुरू न होण्याचीं कारणें

मृगाचा पाऊस होऊन गेला आहे, दोन दिवसांच्या उघडिपीनें जमिनीस वाफसा आला आहे, बियाणें घरांत येऊन पडलें आहे, आणि नेमक्या त्याच सकाळीं ट्रॅक्टर किल्लीला दाद देत नाहीं, हा अनुभव यंत्रानें शेती करणाऱ्या आमच्या बहुतेक बंधूंनीं केव्हां ना केव्हां घेतलाच असेल. अशा वेळीं शेजाऱ्याचा ट्रॅक्टर आणून त्याच्या बॅटरीवरून आपल्या बॅटरीस तारा जोडावयाच्या, म्हणजे ज्यास जंप देणें म्हणतात तें करावयाचें, हा उपाय आतां खेडोपाडीं सर्वांस माहीत झाला आहे व बहुधा त्यानें काम भागतें. परंतु जंप देऊनही इंजिन सुरू झालें नाहीं म्हणजे मात्र सर्वांची धांदल उडते. कोणी म्हणतो नवी बॅटरी आणा, कोणी म्हणतो सेल्फ खोला, कोणी म्हणतो उतारावरून ढकला. तिकडे वाफसा उडून चाललेला असतो. सबब या विषयाचा थोडा क्रमवार विचार वाचकांपुढें ठेवण्याचें आम्हीं योजिलें आहे.

जंप दिल्यानें एकच उणीव भरून निघते, ती म्हणजे बॅटरींत सांठविलेल्या विजेची. बॅटरीपासून सेल्फपर्यंत (स्टार्टर मोटारीस आपल्याकडे सेल्फ म्हणतात) वीज जाण्याची वाट बिघडली असेल, सेल्फच नादुरुस्त असेल, इंजिनास डिझेल पोंचत नसेल, अथवा इंजिन आंतून अडकलें असेल, तर शेजारचे दहा ट्रॅक्टर जोडले तरी उपयोग नाहीं. म्हणून जंप निष्फळ झाला असतां ती एक साक्ष मिळाली असें समजावें. खतावणींत बाकी जमत नसली म्हणजे जी रक्कम पडताळून झाली ती बाजूस ठेवून पुढची पाहतात, त्याच रीतीनें येथें चालावें.

तथापि ही साक्ष खरी ठरण्यास जंप विधिपूर्वक दिलेला असला पाहिजे. घरांतील दिव्याची तार कापून तीच जोडण्याची चाल आम्हीं पुष्कळ ठिकाणीं पाहिली आहे. ट्रॅक्टरचा सेल्फ इंजिन फिरवितांना दोनशें अँपिअर व कधीं त्याहूनही अधिक प्रवाह ओढतो. दिव्याच्या तारेंतून तो जाणें शक्य नाहीं. तार तापून तिचें आवरण मात्र वितळतें. बोटाएवढ्या जाड तांब्याच्या तारा व घट्ट धरणारे चिमटे पाहिजेत. दोन्ही बॅटऱ्या १२ व्होल्टच्याच आहेत हें पाहून प्रथम लाल तारेनें एकीचें धनाग्र दुसरीच्या धनाग्रास जोडावें. नंतर काळ्या तारेचें एक टोंक शेजाऱ्याच्या बॅटरीच्या ऋणाग्रास लावून दुसरें टोंक आपल्या इंजिनाच्या उघड्या, रंग नसलेल्या लोखंडावर, बॅटरीपासून दूर लावावें. बॅटरींतून हायड्रोजन वायु निघत असतो आणि अखेरची जोडणी करितांना ठिणगी उडते. ती बॅटरीच्या तोंडाशीं उडाली तर बॅटरी फुटून आम्ल डोळ्यांत जाण्याचें भय आहे. शेजाऱ्याचें इंजिन मध्यम गतीनें पांच-दहा मिनिटें चालूं द्यावें व मगच आपली किल्ली फिरवावी.

किल्ली फिरवितांना समोरचे दिवे लावून ठेवावे. एकानें दिव्यांकडे पाहावें व दुसऱ्यानें सेल्फच्या आवाजाकडे कान द्यावा. अर्धें निदान येथेंच होतें.

टक्-टक्-टक् असा जलद आवाज होत असेल, अथवा इंजिन अतिशय मंद फिरून थांबत असेल, तर वीज येते परंतु सेल्फची ओढ लागतांच कोलमडते, असा अर्थ होतो. शंभरांतील बहुसंख्य दोष आमच्या समजुतीप्रमाणें याच जातीचे असतात, आणि त्यांचें मूळ बहुधा सांध्यांत असतें. हिशेब करून पाहावा. सांध्याच्या ठिकाणीं गंज चढून ओहमच्या फक्त शंभराव्या हिश्शाइतका अवरोध उत्पन्न झाला, तरी दोनशें अँपिअर प्रवाहास तेथें २ व्होल्ट खर्चीं पडतात. १२ व्होल्टांतून तेवढे गेले म्हणजे सेल्फच्या वांट्यास उरतें काय? दिवे थोडक्या प्रवाहावर लागतात म्हणून ते मात्र उत्तम लागतात, आणि दिवे लागले म्हणजे जोडणी ठीक आहे असें मानून मनुष्य फसतो.

गतसालीं आमच्या घरच्या ट्रॅक्टरची हीच अवस्था झाली. जंप दिला, चालेना. मिस्त्र्यानें बॅटरी गेली म्हणून सांगितलें; नवी आणली, तरी चालेना. दोन दिवस असे गेले. तिसऱ्या दिवशीं पुन्हां जंप देतांना काळा चिमटा बॅटरीच्या ऋणाग्रावरून काढून सहज इंजिनाच्या अंगास लावला, तों इंजिन पहिल्याच फेऱ्यांत धडधडूं लागलें! दोष उघड झाला. बॅटरीच्या ऋणाग्रापासून निघून सांगाड्यास बोल्टानें आंवळलेला जो अर्थिंगचा पट्टा असतो, त्याच्या बोल्टाखालीं चिखल व गंज सांठला होता. पाना व कांचकागद यांनीं पाव तासांत काम झालें. नव्या बॅटरीचे पैसे विनाकारण गेले. मिस्त्र्यास आम्ही दोष देत नाहीं. आम्हींही पट्ट्याकडे वांकून पाहिलें नव्हतें.

तेव्हां प्रथम टर्मिनलांवरील पांढरी-हिरवी बुरशी गरम पाणी व खाण्याचा सोडा यांनीं धुवून, क्लँप सोडून आंतील पृष्ठभाग चकचकीत घासावा. क्लँप सोडतांना ऋणाग्राचा आधीं सोडावा, बसवितांना शेवटीं बसवावा. नंतर सेल्फवरील जाड केबलचा नट व अर्थिंगचा बोल्ट पाहावा. दहा सेकंद सेल्फ मारून लगेच जपून हात लावला असतां जो सांधा ऊन लागतो तोच चोर समजावा. मल्टीमीटर असेल तर त्याचें एक टोंक बॅटरीच्या ऋणाग्रावर व दुसरें इंजिनाच्या अंगावर ठेवून सेल्फ मारावा. अर्ध्या व्होल्टाहून अधिक दिसल्यास अर्थिंग सदोष आहे.

सांधे स्वच्छ असूनही तोच प्रकार राहिला तर बॅटरींतील एखादें घर आंतून जोडलें गेलें असण्याचा संभव असतो. बॅटरींत सहा घरें असून प्रत्येकाचे सुमारें २.१ याप्रमाणें भरलेल्या बॅटरीचे १२.६ व्होल्ट होतात. एक घर मेलें म्हणजे साडेदहाच्या आसपास येऊन ती थांबते, आणि जंपची वीजही स्वतःच गिळूं लागते. अशा बॅटरीच्या दोन्ही केबली सोडून, त्या केबलींसच दुसरी चांगली बॅटरी जोडून पाहावी. इंजिन चालू असतां मात्र बॅटरी कधींही सोडूं नये, अल्टरनेटर जळतो.

दिवे तेजस्वी राहून एकच टक् होऊन स्तब्धता झाली, तर सोलेनॉइडचे आंतील संपर्क जळले आहेत किंवा सेल्फचे ब्रश झिजले आहेत असें समजून सेल्फ खोलावा. कांहींच आवाज नसेल तर फ्यूज व किल्लीचा स्विच पाहावा. आणि त्याहीपूर्वीं गिअर न्यूट्रलमध्यें आहे ना व क्लच पुरता दाबला आहे ना, हें पाहावें. पुष्कळ ट्रॅक्टरांत यांवांचून सेल्फला वीजच न मिळण्याची योजना केलेली असते.

येथें एक गोष्ट आम्हांस निक्षून सांगावयाची आहे. असा सेल्फ चालेना म्हणजे खालीं उभें राहून पाना किंवा स्क्रू-ड्रायव्हर सेल्फच्या दोन टोंकांवर आडवा धरून इंजिन सुरू करण्याची वाईट खोड सर्वत्र पसरली आहे. या रीतीनें वरील सर्व बंदोबस्त चुकविला जातो. ट्रॅक्टर गिअरमध्यें असला तर इंजिन लागतांच तो पुढें झेंप घेतो, आणि मागचें चाक नेमकें पाना धरणाऱ्याच्या अंगावरून जातें. देशोदेशीं अनेक शेतकरी असे मेले आहेत. एका पेरणीसाठीं हें साहस करूं नये व गड्यासही करूं देऊं नये.

किल्लीबरोबर धप्प असा एकच आवाज होऊन दिवे जवळजवळ विझले, तर इंजिन अडकल्याचा संशय घ्यावा. आपल्याकडे याचें कारण पावसांत हमखास सांपडतें. उभ्या सायलेन्सरवरील झांकण मोडलेलें असतें, ट्रॅक्टर रात्रभर उघड्यावर भिजतो, आणि नळीवाटे पाणी सिलिंडरांत उतरतें. पाणी दाबलें जात नाहीं. जंपच्या जोरावर सेल्फ मारीत राहिल्यास कनेक्टिंग रॉड वांकतो. उतारावरून ढकलणें तर याहून घातक. किल्ली काढून पुढील पुलीच्या नटास पाना लावून इंजिन हातानें फिरतें काय हें पाहावें. न फिरल्यास इंजेक्टर काढून पाणी काढण्याचें काम जाणत्या मिस्त्र्याकडेच सोंपवावें. झांकण मिळेपर्यंत नळीवर रिकामा डबा पालथा घातला तरी चालतें, फक्त सुरू करण्यापूर्वीं तो काढण्याची आठवण ठेवावी.

इंजिन जंपवर भरधांव फिरतें पण पेटत नाहीं, असें असेल तर बॅटरी, केबल व सेल्फ हीं तिन्ही निर्दोष सुटलीं. आतां डिझेलकडे वळावें. डिझेल इंजिनांत ठिणगी नसते, दाबलेल्या हवेच्या उष्णतेनेंच तें पेटतें. बंद करण्याची दांडी ओढलेलीच राहिली आहे काय हें आधीं पाहावें; हंसूं येईल, पण पुष्कळदां तेवढेंच असतें. किल्लीनेंच बंद होणाऱ्या ट्रॅक्टरांत डिझेल उघडणाऱ्या सोलेनॉइडचा फ्यूज पाहावा. सायलेन्सरांतून मुळींच धूर नसेल तर डिझेल पोंचत नाहीं: टाकीची तोटी, तुंबलेला फिल्टर, अथवा नळींत धरलेली हवा. फिल्टरवरील हवा काढण्याचा स्क्रू सैल करून हातपंप मारावा, बुडबुडे थांबून एकसारखें डिझेल येऊं लागलें म्हणजे आंवळावा. कॉमन रेल पद्धतीच्या नव्या इंजिनांत जास्त दाबाच्या नळ्या मात्र सैल करूं नयेत; ती धार कातडी फोडून आंत शिरते. पांढरा धूर येत असेल तर डिझेल पोंचतें पण पेटत नाहीं. मग हवेचा फिल्टर व इंजिनाचा दाब तपासून घ्यावा.

ट्रॅक्टर चालू झाल्यावर तारा काढून, थोडा वेग देऊन बॅटरीवर मल्टीमीटर लावावा. सुमारें १३.८ ते १४.४ व्होल्ट दिसले तर भरणी ठीक चालली आहे. साडेबाराच्या खालींच कांटा राहिला तर पट्टा सैल आहे किंवा अल्टरनेटर गेला आहे. तेवढें होईपर्यंत दुपारच्या न्याहारीसाठीं शेतांत इंजिन बंद करूं नये.