अंगरक्षक व्हायचे, तर आधी प्रशिक्षण मागा

मेहकर, चिखली, खामगावकडची आपली मुले पोलीस भरतीसाठी पहाटे धावतात. भरतीत राहिली की एखादा एजंट गाठतोच. पुण्यात बॉडीगार्ड करतो म्हणे, ड्रेसचे पैसे आणा! घरचे व्याजाने पैसे काढतात आणि पोरगा प्रशिक्षणाविना काठी घेऊन फाटकावर उभा राहतो.

बंधू-भगिनींनो, पैसे देण्याआधी कायदा पाहा. खाजगी सुरक्षा एजन्सीबाबतच्या २००५ च्या कायद्याप्रमाणे माणसाची राखण करणाराही सुरक्षा रक्षकच. एजन्सीला परवाना हवा. उमेदवाराचे वय १८ ते ६५, चारित्र्य पडताळणी झालेली आणि प्रशिक्षण पुरे केलेले असावे. केंद्राच्या २००६ च्या नमुना नियमांत ते १६० तासांचे ठरले: १०० तास वर्गात, ६० तास प्रत्यक्ष, किमान २० कामाचे दिवस. त्यात गर्दी आवरणे, आग विझवणे, प्रथमोपचार, संशयित स्फोटके ओळखणे, एवढेच काय, स्वसंरक्षणाचा हक्क आणि पोलिसांत फिर्याद देणेही येते. नुसते दंड फुगवून भागत नाही. धोका आधी हेरून साहेबाला तिथून सुखरूप बाहेर काढणे, हे खरे काम. मारामारी शेवटची.

१९२७ पासून समता सैनिक दलाचे सैनिक सभा सांभाळत आले, ते शिस्तीच्या बळावर, पगार नव्हता. आज हा पोटाचा धंदा आहे.

माजी सैनिकांना हेच प्रशिक्षण ५६ तासांचे. आपल्या वस्तीत महार रेजिमेंटमधून निवृत्त झालेले कुणी असतील, तर त्यांनी रविवारी विहारासमोर पोरांची कवायत घ्यावी. जागेचे आम्ही पाहतो.