आज सोसतो कोण, उद्या मिळते कोणाला?

‘आज सोसा, उद्या फळ मिळेल’ हे बांधावर, दुकानात, मैदानात आणि प्रचारसभेत सारख्याच खात्रीने सांगितले जाते. गोंदिया जिल्ह्यातल्या मामा तलावांचा, म्हणजे माजी मालगुजारी तलावांचा इतिहास पाहिला की ही खात्री किती अटींवर उभी आहे ते कळते.

गैरसमज : पूर्वजांनी तलाव केवळ पुण्यासाठी बांधले.

नवेगाव बांध अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कोलू पाटील कोहळी यांनी बांधला. पुढे लोकांनी त्यांना कोलासूर देव म्हणून पुजले. पण तलाव बांधणाऱ्याच्या मनात हिशेबही असे. गोंड राजवटीत जो तलाव बांधेल त्याला तलावाखालची जमीन मिळण्याची रीत होती. पाळीवर माती टाकण्याचे कष्ट आजचे. पण भारी धान लोंबीवर येताना पाऊस दडी मारून बसला, तर तलावाचे एक पाणी अख्खे पीक वाचवते, आणि ते पीक त्याच गावाच्या घरात जाते. सोसणारा आणि मिळवणारा एकच होता, म्हणून पूर्व विदर्भात असे हजारो तलाव उभे राहिले.

गैरसमज : एकदा किंमत मोजली की फळ कायमचे.

1950 च्या कायद्याने मालगुजारी, म्हणजे गावाचा सारा वसूल करणाऱ्या मालगुजारांची पद्धत, गेली. ते व्हायलाच हवे होते. कुळांवरचा मालगुजारांचा अंमल त्याने संपला. मात्र तलाव सरकारकडे गेले, लहान तलाव पुढे जिल्हा परिषदांकडे आले, आणि दरवर्षी गाळ काढायचा कोणी, हा प्रश्न लोंबकळत राहिला. हक्क एकीकडे, काम दुसरीकडे. तलाव उथळ झाले, काठाला बेशरम हे तण माजले.

राजकारणातही फळ कायमचे नसते. भंडारा-गोंदियाचे खासदार नाना पटोले यांनी डिसेंबर 2017 मध्ये भाजप आणि खासदारकी दोन्ही सोडली. 2019 मध्ये नागपुरात ते लोकसभा हरले. त्याच वर्षी साकोलीतून आमदार होऊन विधानसभेचे अध्यक्ष झाले, 2021 मध्ये काँग्रेसचे प्रदेशाध्यक्ष. आणि 2024 मध्ये तीच साकोली त्यांनी जेमतेम 208 मतांनी राखली. यातल्या कोणत्या वर्षी थांबून हिशेब केला, त्यावर ‘राजीनामा फळला का’ याचे उत्तर बदलते.

गैरसमज : सोसणे म्हणजे जास्त राबणे.

कित्येकदा ते हाताशी आलेला लाभ सोडणे असते, आणि मला हेच अधिक अवघड वाटते. जानेवारी 2004 मध्ये सिडनीत सचिन तेंडुलकरने नाबाद 241 धावा केल्या. ऑफ स्टंपबाहेरच्या चेंडूंवर त्या मालिकेत तो बाद होत होता, म्हणून त्याने आपला लाडका कव्हर ड्राइव्हच बाजूला ठेवला. 436 चेंडू तो खेळला. समोरून जाणारे चौकार त्याने जाऊ दिले.

अर्जुनी मोरगाव तालुक्यात तलावांत मासेमारी करणाऱ्या ढीवर समाजाने असाच लाभ सोडला. भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाचे मनीष राजनकर यांच्यासोबत त्यांनी तलावांतली बेशरम उपटली, तळ नांगरला, स्थानिक पाणवनस्पती लावल्या. झटपट वाढणाऱ्या बाहेरच्या माशांच्या बीजावर विसंबण्याऐवजी गावच्या जातींना अंडी घालायला, वाढायला जागा दिली. या कामात बायकाही चिखलात उतरल्या. मासे परतायला वेळ लागतो. तेवढे दिवस मजुरी लागते आणि जाळे हलकेच येते. वनस्पती रुजल्या तसे मासे आले, मागोमाग पक्षी आले.

अडचण मुदतीची आहे. मासेमारीचा ठेका ठरावीक वर्षांचा असतो, तलाव सावरायला मात्र कित्येक हंगाम जातात. ठेका मध्येच संपला तर एका मच्छीमार सोसायटीने लावलेल्या वनस्पतींवर दुसऱ्याचे मासे पोसले जातील. म्हणून जी सोसायटी तलाव सुधारते, तिच्याकडेच तो पुढच्या मुदतीतही राहील अशी लेखी हमी तिला काम सुरू करण्याआधी मिळाली पाहिजे.