लेकुरवाळ्यांचा अजिंठा

अजिंठ्याला मी पहिल्यांदा गेले ती दीड वर्षाचा मुलगा कडेवर घेऊन. परत आल्यावर शेजारणीने विचारलं, “काय काय पाहिलंत?” आता काय सांगणार? मंडळी आत चित्रं पाहत होती आणि मी पहिल्या लेण्याच्या ओसरीत रडत्या पोराला थोपटत बसले होते. जळगावहून सकाळी निघून संध्याकाळी परतायचं, मुक्कामाचा खर्च वाचवायचा, असा आमचा बेत. खर्च वाचला खरा. पण अजिंठा मला दिसला नाही. तुमच्याही घरात असं झालं असेल, नाही का?

म्हणून आज लेकुरवाळ्या मंडळींना सांगायचं आहे ते हे, की मूल लहान असेल तर एक रात्र फर्दापूरला राहा. घाट उतरून आलं की पायथ्याशी हे गाव लागतं. छत्रपती संभाजीनगराहून ते सुमारे शंभर किलोमीटर आहे, जळगावहून साधारण साठ. लेणी इथून चार-पाच किलोमीटरांवर. पर्यटन विकास महामंडळाचं निवासस्थान इथे आहे आणि साध्या खोल्याही मिळतात. ही मुक्कामाची रीत काही माझ्या डोक्यातून निघालेली नाही. गावात प्रवाशांसाठी बांधलेली जुनी सराई आहे. १९०९ नंतरच्या हिवाळ्यांत लेडी हेरिंगहॅम अजिंठ्याच्या चित्रांच्या नकला करायला आल्या. त्यांच्याबरोबर नंदलाल बोस, असितकुमार हालदार हे कलकत्त्याचे तरुण चित्रकार होते. त्यांची छावणीही फर्दापूरलाच पडली होती.

तुम्ही म्हणाल, मुक्काम म्हणजे खर्च आलाच. पण हिशेब मांडून पाहा. एस.टी.त पाच वर्षांखालच्या मुलाला तिकीट नाही, आणि २०२३ पासून बायकांना निम्मं भाडं. रेल्वेतही पाच वर्षांच्या आतलं मूल वेगळी जागा न मागता फुकट येतं. लेण्यांवर पंधरा वर्षांखालच्यांना प्रवेशमूल्य नाही. म्हणजे मूल फारसा खर्च करवीत नाही. ते मागतं फक्त वेळ. एका दिवसात सगळं उरकायचं म्हणून खाजगी मोटार ठरवली, की तिच्या भाड्यात फर्दापूरची खोली सहज निघते. एक मात्र विसरू नका: सोमवारी लेणी बंद असतात.

सकाळी लेणी उघडतात तेव्हाच तिथे पोचावं. तिठ्यावर खाजगी गाड्या थांबतात आणि तिथून पुढे लेण्यांची बस जाते. तिठ्यावरचे विक्रेते पोराच्या हातात चकाकणारा दगड ‘भेट’ म्हणून ठेवतात. तो तिथल्या तिथे परत करावा, नाहीतर परतताना मागे लागतात. बाबागाडी आणू नये. युरोपच्या शहरांत फरसबंद रस्त्यांवर ती चालत असेल, इथे पायऱ्यांवर तिचंच ओझं होतं. त्यापेक्षा मऊ जुनं लुगडं घ्या. पाठीला बांधता येतं, वेळेला पांघरता येतं आणि सावलीत अंथरताही येतं. चित्रांच्या लेण्यांत पादत्राणं काढावी लागतात, आणि ऊन चढलं की बाहेरचा दगड चांगलाच तापतो. मुलाचे पायमोजे जवळ असू द्या. खाण्यासाठी दशम्या आणि जळगावची केळी. मात्र केळं माकडांच्या नजरेसमोर सोलू नका!

लेण्यांना क्रमांक तीस आहेत. मुलाबरोबर चार पाहावीत. हे ऐकून जाणकार रागावतील, रागावू देत. उन्हातून एकदम अंधारात शिरलं की मूल भेदरतं. तेव्हा आधी ओसरीत दोन मिनिटं थांबावं, डोळे निवू द्यावेत. पहिल्या लेण्यात एका खांबावर चार हरणं कोरली आहेत, पण चौघांत डोकं एकच! तीन वर्षांचं मूल हे कोडं आपण होऊन सोडवतं. सतराव्यात हत्ती, हंस, माकडं आहेत. आणि सव्विसाव्यात महापरिनिर्वाणाची ती पहुडलेली भव्य मूर्ती. माझी नात तिच्यापुढे आपण होऊन कुजबुजत बोलायला लागली.

एक आत जाईल तेव्हा दुसऱ्याने मूल सांभाळायचं, हे तर ठरलेलंच. पण माझा आग्रह असा, की आधी आईने आत जावं. बाबा, काका, आत्या नंतर. ‘तू मागाहून जा’ म्हटलं की मागाहून मूल झोपतं, किंवा भुकेजतं, किंवा बस निघते, हे मी अनुभवाने सांगते आहे.

दुपारी बारापर्यंत फर्दापूरला परत यावं. मुलाला निजवावं, आपणही आडवं व्हावं. राहिलेलं दुसऱ्या दिवशी सकाळी. प्रवेशमूल्य पुन्हा पडतं, पण ते मोठ्या माणसाला चाळीस रुपये. तेवढ्यासाठी जीव कासावीस करू नये. ऋतू म्हणाल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी. पावसाळ्यात दरी हिरवीगार असते, पण पायऱ्या निसरड्या होतात आणि आपला एक हात मुलात गुंतलेला असतो.

चौथं लेणं सांगायचं राहिलंच, ते म्हणजे दुसरं. मागच्या भिंतीशी उजवीकडे एक लहान गाभारा आहे, त्यात हारीती बसली आहे. कथा अशी, की तिला पाचशे मुलं होती आणि ती लोकांची पोरं पळवून खाई. बुद्धाने तिचं धाकटं मूल लपवलं, तेव्हा तिला दुसऱ्या आयांचं दुःख कळलं आणि ती मुलांची रक्षणकर्ती झाली. तिच्या आसनाखाली शिल्पात एक शाळा भरली आहे. पंतोजींच्या हाती छडी आहे, काही पोरं धडा गिरवताहेत आणि उरलेल्यांचं भलतंच काही चाललं आहे. नातीला उचलून ते दाखवलं तेव्हा ती म्हणाली, “आजी, हा दंगा करतोय!” पहिल्या खेपेला मी याच्या शेजारच्याच ओसरीत बसले होते.