सहा दिवसांत बदललेला कायद्याचा अर्थ

न्यायालयात तारखा पडत राहतात. गर्भाची वाढ मात्र तारखेसाठी थांबत नाही. त्यामुळे गर्भपाताच्या परवानगीसाठी केलेल्या याचिकेत निकाल काय लागला याइतकेच तो केव्हा लागला यालाही महत्त्व असते. २०२२ साली दिल्लीत राहणाऱ्या एका अविवाहित तरुणीने दिलेली न्यायालयीन लढाई याचे बोलके उदाहरण आहे.

ही तरुणी २५ वर्षांची होती. परस्परसंमतीच्या संबंधांतून तिला गर्भ राहिला आणि जोडीदाराने लग्नास नकार दिला. ५ जुलैच्या सोनोग्राफीत गर्भ २२ आठवड्यांचा असल्याचे आढळले. वैद्यकीय गर्भपाताच्या १९७१ च्या कायद्यात मूळ मर्यादा २० आठवड्यांची होती. या मर्यादेमुळेच २००८ साली मुंबईतील एका दाम्पत्याला, गर्भाच्या हृदयात दोष आढळूनही, मुंबई उच्च न्यायालयाने परवानगी नाकारली होती. २०२१ च्या दुरुस्तीने ही मर्यादा काही स्त्रियांसाठी २४ आठवड्यांवर नेली; मात्र त्यासाठी दोन डॉक्टरांचे मत आवश्यक ठरवले. या स्त्रिया कोणत्या, हे नियम ३-ब मध्ये नमूद होते. बलात्कारपीडित, अल्पवयीन मुली, तसेच गर्भारपणात वैधव्य वा घटस्फोट वाट्याला आलेल्या स्त्रियांचा त्यात समावेश होता. अविवाहितेचा उल्लेख नव्हता.

नेमक्या याच मुद्द्यावर दिल्ली उच्च न्यायालयाने १५ जुलै रोजी अंतरिम दिलासा नाकारला. नियमात जे नाही, ते न्यायालय देऊ शकत नाही, अशी त्यामागची भूमिका होती. नियमाच्या वैधतेचा प्रश्न २६ ऑगस्टला ऐकण्याचे ठरले. तोवर गर्भ २९ आठवड्यांचा झाला असता. म्हणजे नियम रद्द झाला असता, तरी याचिकाकर्तीला त्याचा उपयोग नव्हता.

तरुणीने तातडीने सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली. न्या. धनंजय चंद्रचूड, न्या. सूर्यकांत आणि न्या. ए. एस. बोपण्णा यांच्या खंडपीठाने २१ जुलै रोजी, म्हणजे अवघ्या सहा दिवसांत, तोच कायदा वेगळ्या दृष्टीने वाचला. २०२१ च्या दुरुस्तीत 'पती' या शब्दाच्या जागी 'जोडीदार' हा शब्द आला आहे. संसदेला केवळ विवाहितांचाच विचार अभिप्रेत असता, तर हा बदल कशाला केला असता, असा हा युक्तिवाद होता. 'एम्स'ने वैद्यकीय मंडळ नेमावे आणि तरुणीच्या जिवाला धोका नसल्यास गर्भपात करावा, असा आदेश निघाला. तिच्यापुरता तातडीचा प्रश्न मार्गी लागला. कायद्याचा प्रश्न मात्र न्यायालयाने सोडून दिला नाही.

२९ सप्टेंबर रोजी न्या. चंद्रचूड, न्या. बोपण्णा आणि न्या. जे. बी. पारडीवाला यांनी अंतिम निकाल दिला. विवाहित आणि अविवाहित असा भेद राज्यघटनेच्या १४ व्या कलमातील समतेच्या तत्त्वाशी विसंगत ठरतो, असे त्यात स्पष्ट करण्यात आले. पतीने केलेली लैंगिक जबरदस्तीही, या कायद्यापुरती, बलात्कारात मोडेल आणि सज्ञान स्त्रीच्या गर्भपातासाठी कुटुंबीयांच्या संमतीची गरज नाही, हेही न्यायालयाने सांगितले.

तथापि, या निकालाने मुदतीची भिंत पाडली नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये दोन मुलांची आई असलेल्या एका विवाहितेने २६ आठवड्यांच्या टप्प्यावर परवानगी मागितली. प्रथम ती मिळाली. नंतर दोन न्यायमूर्तींमध्ये मतभेद झाले आणि अखेर १६ ऑक्टोबर रोजी तीन न्यायमूर्तींच्या पीठाने ती नाकारली. चोवीस आठवड्यांनंतर गर्भात गंभीर व्यंग असेल किंवा स्त्रीचा जीव वाचवण्यासाठी तातडीची गरज असेल, तरच कायदा मुभा देतो. ज्या स्त्रीला गर्भ राहिल्याचेच उशिरा कळते, वकील गाठायला तिला आणखी उशीर होतो. अशा स्त्रीच्या बाबतीत न्यायालय किती दिवसांत उत्तर देते, यावरच तिचा हक्क कागदावर राहतो की हाती पडतो, हे ठरते.