समुद्रात उभं राहिलेलं देऊळ

त्रिनिदादच्या सेंट ऑगस्टिनला परदेशी विद्यार्थ्यांचं अप्रूप नाही. ब्रिटिश अमलात इथे उष्ण कटिबंधातल्या शेतीचं कॉलेज होतं आणि साम्राज्यभर पाठवायचे शेती अधिकारी तिथे तयार होत. 1960 मध्ये त्या जागी वेस्ट इंडीज विद्यापीठाचा कॅम्पस सुरू झाला. आता आदानप्रदान योजनेतून एखाद्या सत्रापुरती मुलं येतात. त्यांचा पहिला धडा वर्गाबाहेरच होतो, जवळच्या क्युरेप नाक्यावर डबल्सच्या गाडीपाशी. हळद घातलेल्या पिठाचे दोन मऊ, तळलेले ‘बारा’, त्यात काबुली चण्यांचा रस्सा, वर काकडी आणि चिंचेची चटणी. कागदात गुंडाळून हातात देण्याआधी विक्रेता एवढंच विचारतो, तिखट किती? नवख्याने ‘स्लाइट’, म्हणजे किंचित, म्हणावं आणि तेवढ्यावर भागवावं.

दुसरा धडा मात्र वॉटरलूचा. बेटाच्या पश्चिम किनाऱ्यावरचं हे गाव एकेकाळी उसाच्या मळ्यांनी वेढलेलं होतं. 30 मे 1845 रोजी ‘फतेल रझाक’ हे जहाज कलकत्त्याहून मळ्यांवर राबायला सव्वादोनशेच्या आसपास करारबद्ध मजूर घेऊन त्रिनिदादला पोचलं. 1917 पर्यंत ही ये-जा चालू राहिली आणि 1 लाख 40 हजारांहून अधिक माणसं आली. बहुतेक आजच्या उत्तर प्रदेश-बिहारकडची.

इथल्या ऊस कामगारांपैकी एक सिवदास साधू. 1947 मध्ये त्याने वॉटरलूच्या किनाऱ्यालगत एक छोटं देऊळ बांधलं. जागा निघाली साखर कंपनीची. देऊळ पाडायला त्याने नकार दिला, खटला चालला, 14 दिवसांची कैद झाली आणि देवळावर यंत्र फिरलं. सुटून आल्यावर त्याने जो तोडगा काढला त्याला हट्ट म्हणावं की कायद्याचा अचूक अभ्यास, हे ज्याचं त्याने ठरवावं. जमीन कंपनीची असेल, समुद्र तर तिचा नाही! ओहोटीला उघड्या पडणाऱ्या चिखलात तो दगडमाती नेऊन टाकू लागला. वाहन एक सायकल, तिला अडकवलेल्या बादल्या. लोक हसले. त्याने वर्षानुवर्षं भर घातली आणि पाण्यात देऊळ उभं केलं. पुढे लाटांनी ते खिळखिळं झालं. साधूच्या मृत्यूनंतर, भारतीयांच्या आगमनाला दीडशे वर्षं झाली तेव्हा, 1995 च्या सुमारास ते नव्याने बांधलं गेलं.

आज किनाऱ्यावरून अष्टकोनी देवळापर्यंत चालत जाता येतं. दर्शनी भागात साधूचा पुतळा आहे. बांबूंवर रंगीत झेंड्या फडफडत असतात. पूजा झाली की त्या रोवायच्या, ही इथली रीत; अनेक हिंदू घरांच्या अंगणातही त्या दिसतात. शेजारीच स्मशानघाट आहे, त्यामुळे सहलीचा गोंगाट इथे आपोआप खाली येतो. मराठी पाहुण्याला थोडं पुढे कॅरापिचैमाला आणखी एक ओळखीचं नाव भेटेल: दत्तात्रेय. तिथल्या दाक्षिणात्य धाटणीच्या मंदिराच्या आवारात 85 फुटी हनुमान उभा आहे.

एवढं पाहिल्यावर ‘हा तर छोटा भारत’ म्हणायचा मोह होतो. तो आवरलेला बरा. सेंट लुशियात जन्मलेले, अनेक वर्षं त्रिनिदादमध्ये राहिलेले कवी डेरेक वॉलकॉट यांचीही आधी अशीच गफलत झाली होती. त्यांनी 1992 च्या नोबेल व्याख्यानाची सुरुवात फेलिसिटी या गावच्या रामलीलेने केली. आधी त्यांना ते नाटक वाटलं, दूरच्या मुलखाची विरत चाललेली आठवण वाटली. मग उमगलं, की धनुष्यबाण घेतलेली ती गावची पोरं नट नव्हतीच, त्यांची त्यावर श्रद्धा होती. वॉलकॉट यांची कागदपत्रं सेंट ऑगस्टिनच्या ग्रंथालयात जपली आहेत.

जानेवारीच्या सत्राला येणाऱ्यांचं नशीब जोरावर असतं. कार्निव्हल जवळ आलेला असतो. तेलाच्या पिंपांपासून जन्मलेल्या स्टीलपॅनच्या तालमी रात्री उघड्या आवारात रंगतात. ताशाही इथे आहे, लग्नात आणि मोहरमच्या ‘होसे’त वाजणारा. वाजवण्याआधी जाळ करून त्याचं बकऱ्याचं कातडं शेकतात, म्हणजे ते ताणलं जाऊन आवाज खणखणीत निघतो. पुण्यातल्या ताशावाल्याला हे सांगावं लागणार नाही.

मुंबईकराला आणखी एक फेरी पोर्ट ऑफ स्पेनच्या क्वीन्स पार्क ओव्हलवर मारावीशी वाटेल. 1971 मध्ये सुनील गावसकर तिथेच पहिली कसोटी खेळला आणि दोन्ही डावांत अर्धशतकं केली. सामना भारताने जिंकला, पुढे मालिकाही. गावसकरवर कॅलिप्सो गाणं रचलं ते लॉर्ड रिलेटर या त्रिनिदादच्याच गायकाने, आणि तेही वेस्ट इंडीज पहिल्यांदाच भारताकडून हरलेल्या मालिकेनंतर.